काट्यावरून डेटाबेसला जोडायचंय, पण ३३०६ चं दार उघडं टाकून नाही

कापूसकोंड्या (मानवत) · सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, राम राम. आधी काय झालं ते सांगतो, मग प्रश्न.

मी एका जिनिंगचं सॉफ्टवेअर सांभाळतो. काट्यावर ट्रॅक्टर चढला की भरलेलं वजन, रिकामं वजन, भाव, कटती, शेतकऱ्याचं नाव, आधार आणि बँक खातं हे सगळं व्हीबी डॉट नेटच्या स्क्रीनवरून थेट मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जातं; त्याचं नेहमीचं पोर्ट, म्हणजे दार, ३३०६. मायएसक्यूएल ८, उबुंटू २२.०४, मुंबईतला भाड्याचा सर्व्हर. काटे तीन: मानवत, सेलू, पाथरी. शिवाय परभणीचे सीए साहेब एक्सेलमधून रिपोर्ट ओढतात.

गेल्या हंगामात सेलूचा काटा काही केल्या जोडला जाईना. ट्रॅक्टरची रांग, शेठचा फोनवर फोन. मी वैतागून बाइंड-ॲड्रेस (कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते) ०.०.०.० केला, म्हणजे सगळीकडं, फायरवॉल बंद केला आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकारी यूजरला, '%' होस्ट देऊन टाकला, म्हणजे कुठूनही ये. पासवर्ड म्हणजे गावाचं नाव आणि पुढं १२३. लगेच जोडलं गेलं. शेठनी चहा पाजला, विषय संपला.

गेल्या गुरुवारी सकाळी सातला सेलूहून फोन. "दादा, यादीच येईना गेलीय शेतकऱ्यांची." बघतो तर सगळे टेबल गायब. एकच टेबल शिल्लक, नाव 'वॉर्निंग', आत इंग्रजीत एक ओळ: इतके बिटकॉइन पाठवा, नाहीतर डेटा गेला समजा. बाहेर सतरा ट्रॅक्टर उभे. दिवसभर काटा कार्बनच्या पावतीबुकावर चालवला.

नशीब इतकंच की लक्ष्मीपूजनाला शेठ वहीपूजन करतात, तेव्हा मी बॅकअपचा पेनड्राइव्ह पण चोपडीशेजारी ठेवला होता. हळदकुंकू लागलेला तो पेनड्राइव्ह कामी आला. पुढच्या १९ दिवसांचा डेटा बायनरी लॉगमधून, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदवहीतून काढला. मायएसक्यूएल ८ हे लॉग आपणहून ३० दिवस ठेवतं हे मला त्या रात्री कळलं. टेबल उडवल्याची ओळ शोधली, तिच्या अलीकडं थांबलो आणि तिथपर्यंतचं सगळं पुन्हा चालवलं.

सध्या ३३०६ बाहेरून बंद आहे. सेलू-पाथरीची पोरं रात्री फाइल व्हॉट्सॲपवर टाकतात, मी इंपोर्ट करायलोय. शेठ म्हणायलेत येत्या सोमवारी तिन्ही काटे चालू पाहिजेत. काट्यांना जोडायचंय, जगाला नाही. कसं करू?

सरकी_पेंड (सेलू) · ९:१८

पेनड्राइव्हला हळदकुंकू! आता फायरवॉलला लिंबू-मिरची बांध भाऊ.

टर्मिनल_तात्या (छत्रपती संभाजीनगर) · ९:३१

पैसे भरले नाहीस, बरं केलंस. २०१७ च्या जानेवारीत मोंगोडीबीचे हजारो उघडे डेटाबेस असेच पुसले गेले होते. तपासणाऱ्यांना कळलं की कित्येक ठिकाणी चोरांनी डेटा कॉपीसुद्धा केला नव्हता, नुसता उडवला होता. पैसे भरून परत काय देणार, कपाळ?

आधी एक सांग. मशीन तीच आहे की नवीन घेतली? रूट त्यांच्या हातात होता. मायएसक्यूएलच्या रूटकडं फाइल लिहायचा अधिकार असतो, आत आणखी काय ठेवून गेले कुणास ठाऊक. झाडूपोछा करून तीच वापरू नकोस.

कापूसकोंड्या · ९:३६

तीच आहे तात्या. पासवर्ड तेवढे बदललेत.

टर्मिनल_तात्या · ९:४४

मग उद्या पहिलं काम नवीन मशीन. नवा उबुंटू, नवं मायएसक्यूएल, डेटा फक्त डंपमधून, म्हणजे काढून ठेवलेल्या प्रतीतून. मायएसक्यूएलच्या यूजर टेबलचा डंप घेऊ नकोस, नाहीतर त्यांनी घुसवलेला एखादा यूजरही तुझ्याबरोबर नव्या घरात येईल. यूजर हातानं बनव.

मांजरा_काठ (लातूर) · ९:५२

एवढं कशाला ताणायलाय? पोर्ट बदला. ३३०६ च्या जागी ४२९१७ ठेवा. ते बॉट (आपोआप दारं तपासत फिरणारे प्रोग्रॅम) फक्त ३३०६ हुडकतात. आमच्या एका आडत दुकानाचं तीन वर्षं असंच चालू आहे. आणि पासवर्ड वीस अक्षरी ठेवा, झालं.

गोदाकाठची (नांदेड) · १०:०५

दादा, तीन वर्षं काही झालं नाही म्हणजे कुणी आलं नाही असं नसतं. लॉग बघितलेत का कधी?

मायएसक्यूएलची एक खोड आहे. बरेच सर्व्हर समोरचा काय म्हणतो याची वाट बघतात, हा आधी स्वतःच बोलतो. जोडणी झाली रे झाली की पहिलं पाकीट (डेटाचा तुकडा) सर्व्हरच पाठवतो, त्यात त्याची आवृत्ती लिहिलेली असते. म्हणजे दारावरची पाटी काढली तरी टकटक केली की आतूनच आवाज, "कोण आहे? मी मायएसक्यूएल ८." पोर्ट बदलून लपणार काय? २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं. एका गिगाबिट जोडणीवरून सगळं आयपीव्ही४ इंटरनेट एका पोर्टसाठी पाऊण तासात धुंडाळता येतं. पोर्ट बदलल्यानं लॉगमधला कचरा कमी होतो, तेवढाच फायदा.

आणि लांब पासवर्डचं म्हणाल, तर २०१२ चं आठवा. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीच्या काही बिल्डमध्ये पासवर्ड तपासणाऱ्या कोडात चूक निघाली. चुकीचा पासवर्ड देत राहिलं तरी साधारण २५६ मधून एकदा आत घेत होतं. वीस अक्षरी असो की दोनशे अक्षरी. पासवर्ड चांगला पाहिजेच, पण दार रस्त्यावर असेल तर उद्या अशी चूक निघाली की पहिला नंबर तुमचा.

मांजरा_काठ · १०:११

बरं ताई, पोर्टचं सोडा. मग फायरवॉलमध्ये फक्त तीन काट्यांचे आयपी (नेटवरचे पत्ते) टाका. हे तर चालतंय ना?

गोदाकाठची · १०:१६

आयपी ठरलेला असेल तर उत्तम. तो मिळतोय का ते कोंड्याभाऊच सांगतील.

कापूसकोंड्या · १०:२४

मानवतला ब्रॉडबँड आहे, स्टॅटिक आयपी पैसे भरून मिळेल. पाथरीला केबलवाल्याचं नेट, तो म्हणतो "आयपी तर देतो की दर वेळेस". राउटरवर बघितलं तर १०० पॉइंट ७० पासून काहीतरी आहे. सेलूला मोबाइलचं हॉटस्पॉट, तेही काटा चालवणाऱ्या पोराच्या खिशात. तो जेवायला गेला की काटा ऑफलाइन.

टर्मिनल_तात्या · १०:३८

१०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ ही रेंज नेट देणाऱ्या कंपन्यांनी आपल्या आत वापरायला राखलेली आहे. तुझा पाथरीचा राउटर शेकडो लोकांसोबत एकाच बाहेरच्या आयपीमागं बसलाय. तो आयपी फायरवॉलमध्ये घातलास तर गल्लीतल्या सगळ्यांना वाट दिलीस, आणि उद्या तो बदलला की तुझा काटा बंद. मोबाइलचंही तेच.

तुझी गरज वेगळी आहे. काट्याला सर्व्हरपर्यंत पोचवायचं नाही, काट्याला सर्व्हरच्या घरातच आणायचं. वायरगार्ड टाक, म्हणजे व्हीपीएन: इंटरनेटवरून जाणारी आपली खासगी बंद वाट. मार्च २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, ५.६ आवृत्तीपासून. विंडोजवर छोटं ॲप आहे. प्रत्येक मशीनची स्वतःची चावीजोडी, पासवर्डची भानगड नाही. काट्याचा बाहेरचा आयपी कितीही बदलू दे, वायरगार्ड चावीवरून ओळखतं.

आवडती गोष्ट सांगू? अनोळखी पाकिटाला ते उत्तरच देत नाही. मायएसक्यूएल टकटक ऐकून नाव सांगतं, हे घरात कुणी नाही असं भासवतं.

सर्व्हरला आत १०.८.०.१ दे. मानवत १०.८.०.२, सेलू .३, पाथरी .४, सीए साहेब .१०. बाहेरून उघडे फक्त दोन पोर्ट: एसएसएचचा (दुरून सर्व्हरवर काम करायची वाट) २२ आणि वायरगार्डचा ५१८२० यूडीपी. ३३०६ फायरवॉलमध्ये फक्त वायरगार्डच्या डब्ल्यूजी० या इंटरफेसवरून येणाऱ्याला. आणि हात जोडून सांगतो, यूएफडब्ल्यू (उबुंटूचा फायरवॉल) चालू करायच्या आधी २२ ला परवानगी दे. मी एकदा स्वतःला बाहेर कुलूप लावून बसलोय, त्या रात्रीचं जेवण अजून आठवतं.

एसएसएचला पासवर्डनं आत येणं बंद कर, फक्त चावी. नाहीतर पुढचं दार भक्कम आणि न्हाणीघराची खिडकी उघडी.

हळदबाजार (वसमत) · १०:५०

मधेच विचारतो, माफ करा. माझं मायएसक्यूएल डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं साधन) आहे. यूएफडब्ल्यूमध्ये ३३०६ बंद दाखवतंय, तरी घरून मोबाइलच्या नेटवरून जोडलं जातंय. काय चुकलं?

टर्मिनल_तात्या · १०:५५

तुझं काही चुकलं नाही, डॉकर यूएफडब्ल्यूला बाजूला सारतं. पोर्ट प्रकाशित केलास की डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या आतल्या फायरवॉलमध्ये) आपले नियम स्वतः घालतं आणि पाकीट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचतच नाही. "३३०६:३३०६" लिहिलंस तिथं "१२७.०.०.१:३३०६:३३०६" लिही आणि कंटेनर पुन्हा बनव. आजच कर, उद्या नको.

हळदबाजार · ११:२०

केलं. आता बाहेरून लागत नाही. पोटात गोळा आला होता.

मोसंबी (जालना) · मंगळवार, सकाळी ८:०२

सगळे तांत्रिक बोलायलेत, मी रुक्ष बोलतो. तुमच्याकडं शेतकऱ्यांचे आधार आणि खाते नंबर होते. सर्ट-इननं (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले, त्यात अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आहे आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. कंपन्यांनाही ते लागू आहे. गुरुवार गेला, तरी उशिरा का होईना शेठना कळवायला सांगा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा वेगळाच. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बहुतेक जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर आवरून घ्या.

आधार नंबर पूर्ण ठेवायची खरंच गरज आहे का, हेही एकदा शेठना विचारा. जे घरात नाही ते चोरीला जात नाही.

कापूसकोंड्या · मंगळवार, रात्री १०:४०

मोसंबीसाहेब, शेठना दाखवलं. आधी २५० कोटी ऐकून हसले, मग शांत झाले. सीए साहेबांशी बोलून ईमेल केला.

नवीन मशीन घेतली. वायरगार्ड टाकलं. मानवत पहिल्या फटक्यात लागलं. सेलू पण लागलं. मग पाथरी लावलं आणि तमाशा सुरू: पाथरी चालू झालं की सेलू बंद, सेलू चालू झालं की पाथरी बंद. तळ्यात-मळ्यात खेळायलेत दोघं.

गोदाकाठची · १०:४७

सेलूची फाइल पाथरीला कॉपी केलीत ना?

कापूसकोंड्या · १०:४८

हो. नुसता आयपी बदलला.

गोदाकाठची · १०:५६

चावी तीच राहिली. सर्व्हरच्या दृष्टीनं तो एकच माणूस आहे, जो शेवटी बोलला तो खरा. पाथरीच्या मशीनवर नवी चावीजोडी बनवा, खासगी चावी त्या मशीनबाहेर नेऊ नका, सार्वजनिक तेवढी सर्व्हरवर टाका. उद्या पाथरीचा पीसी चोरीला गेला तर एक ओळ खोडली की काम झालं, बाकी काटे चालू राहतील.

मोबाइलच्या नेटवर जोडणी निवांत बसली की मधली वाट बुजते. सेलूला पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ ठेवा, म्हणजे दर २५ सेकंदांनी एक पाकीट जाऊन वाट उघडी राहील.

आता मायएसक्यूएलच्या आतलं. रूट फक्त लोकलहोस्टवर. मायएसक्यूएलमध्ये यूजर म्हणजे नाव अधिक होस्ट, 'सेलू' @ '१०.८.०.३' असा बनवा. त्याला फक्त तुमच्या डेटाबेसवर सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, म्हणजे वाचणं, भरणं, बदलणं. काट्यावरून पावती पुसायची वेळच येऊ नये, रद्द असा शेरा पडावा. म्हणून डिलीट देऊ नका. टेबल उडवायचा अधिकार तर मुळीच नको. सीए साहेबांना फक्त सिलेक्ट, तेही व्ह्यूवर, म्हणजे टेबलच्या निवडक कॉलमांवर, ज्यात आधारचा कॉलम नाही.

जोडणी फसली तर मला येईना गेलंय एवढंच म्हणू नका, एररचा आकडा वाचा. २००३ आणि कंसात १११ असेल तर पाकीट पोचलं पण तिथं ऐकायला कुणी नाही, म्हणजे बाइंड-ॲड्रेस बघा. कंसात ११० असेल तर पाकीट वाटेतच गिळलं गेलं, बहुतेक फायरवॉल. विंडोजवर हेच आकडे १००६१ आणि १००६० दिसतात. ११३० म्हणजे या आयपीसाठी यूजरच नाही. १०४५ म्हणजे दारापर्यंत आलात, पासवर्ड किंवा होस्ट जुळत नाही. गेल्या वर्षी तुम्ही हा आकडा वाचला असता तर फायरवॉल बंद करायची वेळच आली नसती, असं मला वाटतं.

कापूसकोंड्या · ११:०९

खरंय ताई. तेव्हा ११३० होता. मी तिन्ही गोष्टी एकदम उघडल्या, त्यातल्या दोनचा संबंधच नव्हता.

मांजरा_काठ · ११:१५

सीए साहेबांना वायरगार्ड कशाला, एसएसएच टनल द्या की. पुट्टी या विंडोजवरच्या एसएसएच ॲपमधून ३३०७ लोकलवर घ्यायचा, पलीकडं १२७.०.०.१ चा ३३०६.

टर्मिनल_तात्या · ११:२२

हे मात्र बरोबर बोललास. तुला-मला बरं पडतं ते. पण सीए साहेब एक्सेल उघडायच्या आधी रोज पुट्टी चालू करतील का? तिसऱ्या दिवशी कोंड्याला फोन. आणि लिनक्सवर हे करणाऱ्यांसाठी: होस्टच्या जागी 'लोकलहोस्ट' लिहू नका, १२७.०.०.१ लिहा. 'लोकलहोस्ट' म्हटलं की मायएसक्यूएलचा क्लायंट टीसीपी सोडून त्याच मशीनवरच्या सॉकेटकडं धावतो, तुमचा टनल तसाच ताटकळतो.

कापूसकोंड्या · शुक्रवार, सकाळी ७:३५

तातडीचं आहे. रात्री सर्व्हर रीबूट केला. आता मायएसक्यूएल चालूच होईना. लॉगमध्ये "कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस". बाहेर नऊ ट्रॅक्टर.

गोदाकाठची · ७:४१

मायएसक्यूएल वायरगार्डच्या आधी उठलं. बाइंड-ॲड्रेस १०.८.०.१ आहे आणि तो पत्ता अजून जन्मलाच नव्हता. आत्ता नुसतं मायएसक्यूएल रीस्टार्ट करा. ट्रॅक्टर गेले की सिस्टमडीमध्ये (सर्व्हरच्या सेवा चालू करणारी यंत्रणा) मायएसक्यूएलच्या युनिटला 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स'मध्ये डब्ल्यूजी-क्विकची सेवा लिहा.

कापूसकोंड्या · ७:४४

चालू झालं. 🙏

टर्मिनल_तात्या · ९:१०

आता सर्व्हरवर एसएस -टीएलएनपी चालव आणि काय काय ऐकायलंय ते इथं टाक, आयपी झाकून.

कापूसकोंड्या · ९:२६

२२ सगळीकडं. ३३०६ फक्त १०.८.०.१ आणि १२७.०.०.१ वर. आणि एक ३३०६० दिसतोय सगळीकडं, तो मी नाही उघडला.

टर्मिनल_तात्या · ९:३०

मायएसक्यूएल ८ चा दुसरा दरवाजा आहे तो, एक्स प्लगिनचा. उबुंटूच्या मूळ फाइलमध्ये तो १२७.०.०.१ वर बांधलेला असतो, तू तुझी जुनी कॉन्फिग फाइल वर चिकटवलीस वाटतं. मायएसक्यूएलएक्स-बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१ कर. फायरवॉल अडवतोय, तरी घरात फालतू दार कशाला?

सरकी_पेंड · ९:३३

कापूसकोंड्याची गोष्ट सांगू? हो म्हणता काय, पोर्ट मोजता काय.

कापूसकोंड्या · बुधवार, रात्री ९:५५

सोमवारी तिन्ही काटे चालू झाले. मंगळवारी ४०० च्या वर पावत्या, एकदाही तुटलं नाही. जुन्या मशीनचे लॉग सहज चाळले, तर गेल्या वर्षभर रूटच्या नावानं मिनिटा-मिनिटाला कुणीतरी दार वाजवतच होतं. नव्या मशीनवर त्या फाइलीत फक्त आपलीच चार नावं.

सेलूच्या पोराला शेठनी वेगळा डोंगल घेऊन दिलाय. आता तो निवांत जेवतो.

गोदाकाठची · १०:०१

छान. आणि बॅकअप? रोज रात्री होतोय ना?

कापूसकोंड्या · १०:०३

होतोय ताई. रात्री दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारी सेवा), मायएसक्यूएलडंप करून जीझिपनं आवळून, रोज तारखेची फाइल पडतेय.

गोदाकाठची · १०:०४

फाइलीचा आकार काय आहे?

कापूसकोंड्या · १०:१२

ताई.

२० बाइट.

शुक्रवारी रूटचा पासवर्ड पुन्हा बदलला, स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. शुक्रवार रात्रीपासूनच्या पाचही फायली २० बाइटच्या.

गोदाकाठची · १०:२०

रिकामी जीझिप फाइल २० बाइटचीच असते. डंप फसला, जीझिपनं काहीच नाही ते नीट गुंडाळून ठेवलं आणि क्रॉनला वाटलं काम झालं. बॅकअपसाठी वेगळा यूजर करा, सिलेक्ट, शो व्ह्यू, ट्रिगर, लॉक टेबल्स आणि प्रोसेस एवढेच अधिकार, होस्ट लोकलहोस्ट. स्क्रिप्टच्या डोक्यावर पाइपफेल चालू करा, म्हणजे डंप फसला की स्क्रिप्टही फसेल. फाइल त्याच सर्व्हरवर ठेवू नका. मानवतच्या ऑफिसातल्या पीसीनं ती रोज ओढून घ्यावी, सर्व्हरनं ढकलू नये. ढकलायची चावी सर्व्हरवर ठेवली तर सर्व्हर फोडणारा बॅकअपही पुसेल.

मग एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून, कालच्या शेवटच्या काटापावतीचा नंबर जुळतो का ते बघा.

कापूसकोंड्या · गुरुवार, पहाटे १:१७

आत्ता हातानं डंप घेतला, ऑफिसच्या पीसीवर ओढला, तिथल्या मायएसक्यूएलमध्ये चढवला. शेवटची पावती सेलू काट्याची, संध्याकाळी ६:४८, वजन १८ क्विंटल ४० किलो. सेलूच्या पोराला उठवून कार्बन बुक बघायला लावलं. त्यानं एक शिवी दिली आणि म्हणाला, "जुळतंय."